एका मताची नगरसेविका

गुनवॉर,

तुझ्यावर दोन पानं लिहून दे म्हणून इतिहास मंडळाच्या मंडळींनी माझ्यामागे लकडा लावलाय. वार्षिक अंकात छापायची आहेत. "जरा हसरं लिही हं, मॅर्टा," असंही बजावून झालं. मागच्या वर्षी जुन्या पाद्रीबुवांवर सोळा पानं छापली, तेव्हा पानं मोजायचं कोणाला सुचलं नाही. तुला दोन. मी मला हवी तेवढी लिहिणार आहे, आणि त्यांनी कात्री लावली तर माझी वर्गणी बंद.

तू मार्चमध्ये गेलीस. दुपारचं जेवण आटोपून, ओटा पुसून, मग आडवी झालीस ती झालीस. यावर मी आणखी काही लिहिणार नाही. तुला ते चाललं नसतं. तू म्हणाली असतीस, "माझ्यावर कसलं लिहितेस? मी काय केलं? बटाटे उकडले." बरं, मग बटाट्यांचंच लिहिते. फक्त अंक वाचणाऱ्यांत नवी माणसं पुष्कळ आहेत, त्यांना सगळं ओळीनं सांगावं लागणार. म्हणून थोडा वेळ तुला 'ती' म्हणते. रागावू नकोस.

तर, गुनवॉर आमच्या ओस्टरमोसाच्या शाळेत स्वयंपाकीण होती. सतराव्या वर्षी मदतनीस म्हणून लागली आणि निवडणुकीची ही भानगड झाली तेव्हा तिला तिथे त्रेचाळीस वर्षं झाली होती. मी त्याच शाळेत गणित शिकवायचे. रोज एकशेऐंशी पोरं जेवायची. सोमवारी मासे, मंगळवारी काहीतरी तव्यावरचं, गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि धिरडी. कोण काय खात नाही हे तिला तोंडपाठ असायचं. पोरं मोठी व्हायची, कोणी बँकेत लागायचं, कोणी डॉक्टर व्हायचं, आणि रस्त्यात भेटली की ही गालातल्या गालात हसायची. मी विचारायचे, "काय गं?" "काही नाही." आणि खरोखरच काही सांगायची नाही. मुलानं ताटात काय टाकलं ते स्वयंपाकघराबाहेर न्यायचं नाही, असा तिचा नियम होता.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात निवडणूक झाली. 'आपलं घर' नावाचा पक्ष तेव्हा नुकता गावोगाव उगवत होता. परदेशातून येणाऱ्यांना थांबवा, आपलं ते आपलं, पूर्वीचे दिवस परत आणा, असं सगळं. आमच्या गावात त्यांचं ना कार्यालय, ना सभा, ना एक उमेदवार. नाव द्यायला कोणी तयारच नव्हतं. मत मात्र देता येत होतं. नुसतं पक्षाचं नाव छापलेली मतपत्रिका मिळायची, खाली मोकळी जागा. तिथे वाटलं तर कोणाचंही नाव लिहा. गावातला, मतदार असलेला माणूस पाहिजे, बस. त्याला विचारायचीही गरज नाही. असा तो तेव्हाचा कायदा होता. पुढे बदलला, आणि का बदलला ते पुढे कळेलच.

निकाल लागला. 'आपलं घर'ला तीनशे ब्याऐंशी मतं! एकतीस जणांच्या नगरसभेत दोन जागा. सोमवारी दुकानात सगळे एकमेकांच्या टोपल्यांत डोकावत होते, जणू पावाखाली मत सापडेल. तीनशे ब्याऐंशी म्हणजे थोडी माणसं नव्हेत. पण विचारलं तर एकानंही दिलेलं नव्हतं.

दोन जागांवर बसवायचं कोणाला? जिल्हा कचेरीनं हातानं लिहिलेली नावं मोजली. टायरवाल्या रोलांडचं नाव एकेचाळीस वेळा आलं, कारण तो टायर बदलता बदलता गिऱ्हाइकांना स्वतःच सांगत होता. बाकीच्या नावांत राष्ट्रीय हॉकी संघाचा प्रशिक्षक होता, एक मेलेला पाद्री होता आणि कोणाची तरी शिकारी कुत्री होती. जिवंत, माणूस आणि ओस्टरमोसाची रहिवासी अशी एकच व्यक्ती उरली. गुनवॉर. एक मत.

शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्राच्या बातमीदाराचा फोन शाळेच्या स्वयंपाकघरात आला.

"अभिनंदन, गुनवॉर!"

"कशाबद्दल?"

"तू नगरसेविका झालीस."

"मी? कोणाकडून?"

त्यानं सांगितलं. तिनं फोन ठेवला, पाण्यातले बटाटे उपसले, पोरांना जेवू घातलं आणि दोन वाजता एप्रनवरच सायकल हाणत माझ्या दारात आली.

"हे तुझं काम," ती म्हणाली. "असले चाळे तुलाच सुचतात."

"मी? मी त्या पक्षाची मतपत्रिका चिमट्यानंही उचलणार नाही."

"मग कोण?"

"मला काय ठाऊक? गुप्त मतदान आहे."

"फोन दे इकडे. कचेरीला सांगते, मला नको म्हणून."

मी फोन दिला नाही. मी पेन्सिल घेतली. पंचेचाळीस वर्षं झाली माझ्या या सवयीला, काही झालं की मी आधी आकडेमोड करते. गेल्या वसंतापासून नगराध्यक्ष होकानच्या डोक्यात एकच गोष्ट होती: शाळेचं स्वयंपाकघर बंद करायचं आणि चाळीस किलोमीटरवरच्या शहरातून जेवण गरम डब्यांतून आणायचं. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पी सभेत त्यावर मत होणार होतं. होकानच्या बाजूला पंधरा जण. स्वयंपाकघर राहावं म्हणणारे चौदा. राहिले 'आपलं घर'चे दोन.

"हे बघ," मी म्हटलं. "तू नाही म्हणालीस तर तुझी जागा रिकामी राहील, कारण त्यांच्याकडे दुसरं नावच नाही. मग रोलांड आपल्या बाजूनं आला तरी पंधरा-पंधरा. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत दोनदा मोजतात. म्हणजे होकानचं. म्हणजे डबे."

तिनं कागद उलटा करून पाहिला, जणू मागे वेगळं उत्तर असेल.

"आणि मी बसले तर?"

"तू आणि रोलांड, दोघं मिळून सोळा."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघरासाठी मी त्यांच्या खुर्चीत बसायचं."

"नोव्हेंबरपर्यंत."

"गाव काय म्हणेल?"

"गाव कधी काही म्हणत नाही का? बस तू."

हे सांगणं मला सोपं होतं. सोसायचं तिला होतं. पण आधी ती सादियाकडे गेली. सादिया तिच्या हाताखाली काम करायची. सोमालियाची, गावात येऊन सात वर्षं झालेली, बटाटे सोलण्यात गुनवॉरपेक्षाही जलद. वर्तमानपत्र पोचायच्या आत तिला आपल्या तोंडून कळलं पाहिजे, असं गुनवॉरचं म्हणणं. सादियानं सगळं ऐकलं आणि इतकी हसली की भिंतीला टेकली.

"तू? त्यांच्यात? मग मला गावाबाहेर काढायला तूच येणार का?"

"सादिया, चेष्टा नको."

"येशील तेव्हा दुपारी दोननंतर ये. त्याआधी भांडी असतात."

मग डोळे पुसत म्हणाली, "माझी दोन पोरं इथे जेवतात, गुनवॉर. डब्यातलं थंड जेवण त्यांना नको. बस तिथे."

गाव म्हणालंच. वाचनालयातल्या एका बाईनं गुनवॉरनं दिलेल्या मुरंब्याच्या तीन बरण्या न उघडता परत पाठवल्या. दुसरीनं नमस्कार बंद केला. याचं गुनवॉरला फार वाटलं नाही. तिला झोंबले ते दुसरेच. दुकानात कोणी हळूच हात दाबून म्हणायचं, "बरं केलंस. कोणीतरी बोलायलाच हवं होतं." "काय बोलायला हवं होतं?" ती विचारायची. मग ते इकडेतिकडे बघायचे आणि दुधाचा भाव विचारायचे.

ऑक्टोबरात मूसची, म्हणजे इथल्या मोठाल्या सांबरांची, शिकार सुरू झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे पुरुष म्हणून जे काही असतं ते जंगलात असतं. गुरुवारी गुनवॉर शिकाऱ्यांच्या झोपडीवर वाटाण्याचं सूप घेऊन जायची, ही वर्षानुवर्षांची पद्धत. मी धिरड्यांचं पातेलं धरून बरोबर गेले. झोपडीत नऊ जण. त्यांत तिचा नवरा सिक्स्टेन. खुर्च्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं खुर्च्यांचे पाय तासलेला, मग कारखाना लिथुआनियाला गेल्यावर घरी बसलेला. कमी बोलणारा.

त्या दिवशी बाकीचे मस्करीच्या रंगात होते. एकजण म्हणाला, "गुनवॉर, तुझं ते एक मत देणारा गाढव सापडला का?"

सिक्स्टेननं चमचा खाली ठेवला.

"मी," तो म्हणाला.

वाटीत कोणाचातरी पाव पडला.

"तू?" गुनवॉर म्हणाली.

"खाली मोकळी जागा होती. पेन्सिल तिथंच दोरीला बांधलेली. म्हटलं, रिकामी कशाला सोडायची? भरवशाचं माणूस आठवायला लागलो. दुसरं कोणी आठवेना."

गुनवॉर ओगराळं हातात धरून उभी. "लग्नाला अडतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "एकदा फूल आणलं नाहीस. आणि आता हे आणलंस?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी त्याच्यावर तुटून पडले.

"सिक्स्टेन, त्या लोकांना मत? सादिया तुझ्या घरी येते, तुझ्या हातची कॉफी पिते!"

"सादियाविरुद्ध कुठे दिलं मी?" तो म्हणाला. "कारखाना गेला, त्याविरुद्ध दिलं. आगगाडी इथे थांबायची बंद झाली. पोस्ट गेलं. मला माझं पार्सल पेट्रोल पंपावर जाऊन सॉसेजच्या शेजारी रांगेत उभं राहून घ्यावं लागतं."

"तुझं पोस्ट त्यांनी बंद केलं नाही. ते उघडणारही नाहीत."

"माहीत आहे. पण बंद कोणी केलं, तेही माहीत आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, कारखान्याचं दार बंद झालं त्या महिन्यात तू एकदा तरी आमच्याकडे आलीस? विचारलंस, काय रे, कसं चाललंय?"

मी आठवलं. त्या महिन्यात मी इटलीला गेले होते. परत आल्यावर त्याला तिथली चित्रं दाखवली होती. दीड तास.

"ते खरं," मी म्हटलं, "पण एवढे सगळे तीनशे ब्याऐंशी..." आणि मी झोपडीतल्या बाकीच्यांकडे नजर फिरवली. आठांपैकी चौघं एकाच वेळी मोहरीची ट्यूब शोधायला लागले. ट्यूब टेबलाच्या मधोमध होती.

परत येताना गाडीत गुनवॉर सुपाचं रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "भरवशाचं माणूस म्हणाला, ऐकलंस ना?" आणि खिडकीबाहेर बघून हसली. मी म्हटलं, मला तर संताप आलाय. ती म्हणाली, "मलाही आलाय. पण दोन्ही आहे."

आता रोलांड. वय शेहेचाळीस, आवाज मोठा, केस विरळ, घरी म्हातारी आई आणि अंगणात टायरांचे ढीग. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो कोटावर पक्षाचा बिल्ला लावून आणि काखेत फाईल मारून स्वयंपाकघरात आला. पक्षाच्या जिल्हा शाखेनं त्याला फाईल पाठवली होती. तिचा त्याला फार अभिमान.

"गुनवॉर, आपण एका पक्षाचे," त्यानं सुरुवात केली.

"मी कुठल्या पक्षाची नाही. मी सिक्स्टेनच्या पेन्सिलीची आहे. बोल."

"स्वयंपाकघराला मी मत देतो. पण आधी माझा ठराव. शाळेत एकच जेवण, सगळ्यांना तेच. डुक्कर चालत नाही, हे चालत नाही, ते चालत नाही, असले वेगवेगळे लाड बंद. आपल्या देशात आपलं जेवण. तू अनुमोदन दे, मी माझं मत देतो. नाहीतर मी होकानबरोबर."

सादिया तिथेच कांदे चिरत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त सुरीचा आवाज वाढला.

संध्याकाळी गुनवॉर माझ्याकडे आली. अनुमोदन दिलं तर सादियाच्या पोरांपुढे रिकामं ताट. नाही दिलं तर सगळ्यांपुढे डबे. आणि सादियाची नोकरीही डब्यांबरोबर जाणार.

मला मात्र सोपं उत्तर माहीत होतं. या रोलांडलाच लहानपणी वेगळं जेवण लागायचं! आमच्याकडे डुकराच्या रक्ताची काळी वडी करतात, तळून, लाल मुरंब्याबरोबर. तिसरीत असताना त्यानं ती खाल्ली आणि टेबलावर ओकला. तेव्हाची मुख्य स्वयंपाकीण कडक, 'ताट संपेपर्यंत उठायचं नाही' असा तिचा कायदा. आणि तेवीस वर्षांची गुनवॉर बटाट्यांखाली लपवून त्याला तळलेली अंडी द्यायची. पुढची सहा वर्षं, वडीच्या प्रत्येक मंगळवारी. जेवणाच्या वेळी देखरेखीला मीच असायचे. दिसत असून मला कधी दिसलं नाही.

"भर सभेत सांग," मी म्हटलं. "नाक कापलं जाईल त्याचं."

"नाही."

"का नाही?"

"त्यानं काय टाकलं ते मी कोणाला सांगत नसते. आणि तूही सांगायचं नाहीस."

"गुनवॉर, स्वयंपाकघर जाईल!"

"जाईल तर जाईल. पोरं माझ्यापुढे ताट घेऊन उभी राहतात ती विश्वासानं उभी राहतात. तो मोठा झाला म्हणून काय झालं?"

मी चिडले. मी तिला हट्टी म्हटलं, मूर्खही म्हटलं. तिनं माझी कॉफी संपवली आणि गेली.

(इथे वाचणारे विचारतील, मग आता छापतेस कशी? मी रोलांडला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण अंडी दोन होती असं लिही, एक नाही." तर, दोन होती.)

दुसऱ्या दिवशी तिनं रोलांडला निरोप धाडला: ठराव मांडायचा तर आधी ज्यावर ठराव आहे ते बघायला ये. मंगळवार, सकाळी साडेसहा, डोक्याला जाळी लागेल. तो आला. बिल्ला एप्रनखाली झाकला गेला. मी 'सहज' म्हणून गेले आणि कोपऱ्यात गाजरं किसत बसले.

सादियानं त्याच्यापुढे बटाट्यांची गोणी सरकवली. "सोल."

"सगळे?"

"तुझ्याकडे किती टायर बदलतात एका दिवसात?"

"चाळीस."

"मग हे थोडे जास्त आहेत."

नऊच्या सुमारास गुनवॉरनं त्याला दाराला लावलेली यादी वाचायला सांगितली, म्हणजे वेगळी ताटं कोणाला जातात ती. नावं नव्हती, फक्त आकडे आणि कारणं. त्यानं मोठ्यानं वाचली. दूध चालत नाही, नऊ. गहू चालत नाही, चार. दाणे-बदाम, तीन. अंडं, एक. घोड्यांच्या शिबिराहून आल्यापासून मांस सोडलेल्या मुली, पाच. पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, एक. डुक्कर चालत नाही, चार.

"सत्तावीस," मी कोपऱ्यातून म्हटलं.

"फक्त चार?" रोलांड म्हणाला. फाईलमध्ये त्याला काही वेगळंच सांगितलेलं असणार.

"चार."

"आणि हा कोण, ज्याला पदार्थ लागलेले चालत नाहीत?"

"सांगत नसते," गुनवॉर म्हणाली.

"माझ्या बहिणीचा असणार."

"सांगत नसते."

साडेअकराला पोरं आली. त्या दिवशी नेमकी काळी वडी होती. नेमकी म्हणजे, तो मंगळवार कोणी निवडला ते मी लिहायला नको. रोलांड वाढायला उभा होता. हातात चिमटा, तोंड फिरवलेलं, नाक मुठीत. वेगळ्या ताटांची पोरं सोडून बाकी सगळ्यांना त्यानं वडी वाढली आणि शेवटच्याला वाढून झाल्यावर बाकावर बसला तो घामाघूम होऊन.

गुनवॉरनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. बटाटे, मुरंबा. वडी नाही. तो ताटाकडे बघत राहिला. मग काट्यानं बटाटे बाजूला केले. खाली दोन अंडी.

गुनवॉर तोवर पाठ फिरवून भट्टी पुसायला लागली होती. तिनं एक शब्द काढला नाही. मी काढला नाही, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण काढला नाही.

त्यानं सगळं खाल्लं. ताट स्वतः विसळलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "अंड्यांना मीठ कमी होतं."

"तेव्हाही तुझी हीच तक्रार असायची," ती पाठमोरीच म्हणाली.

सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सहाला. प्रेक्षकांच्या बाकांवर जागा नव्हती. सिक्स्टेन पहिल्या रांगेत. सभागृहातल्या खुर्च्या त्यानंच केलेल्या, म्हणून आधी गुनवॉरच्या खुर्चीचे पाय हलवून बघून आला. होकाननं डब्यांवर वीस मिनिटं भाषण केलं. उष्णता किती टिकते, झाकणं कशी घट्ट बसतात, सगळं आलेखासकट.

मग गुनवॉर उठली. तिच्या हातात तसलाच एक डबा. "अध्यक्ष महाराज, हे बटाटे मी दुपारी साडेचारला उकडून यात ठेवले. तुझीच झाकणं आहेत. एक खाऊन बघ."

"गुनवॉर, हे सभागृह आहे."

"मग सगळ्यांना देऊ का?"

हशा झाला. होकाननं खाल्ला. माणूस वाईट नाही तो. बराच वेळ चावत राहिला.

"कसा आहे?"

"गरम आहे," होकान म्हणाला.

"आणि?"

"...गरम आहे."

तिचं भाषण एवढंच. ती बसली. अनुमोदनाचं काय, ते ती कोणाकडे बोलली नव्हती, आणि रोलांड काय करणार हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या मांडीवरचे हात मला बाकावरून दिसत होते. रुमाल पिळत होती. त्रेचाळीस वर्षं तिथे पणाला लागली होती.

रोलांड उठला. फाईल उघडली. बंद केली.

"माझा ठराव होता," तो म्हणाला. "तो मी मांडत नाही. मी यादी वाचली आहे. वेगळी ताटं सत्तावीस आहेत. त्यातल्या तेवीस पोरांच्या आया माझ्याकडे टायर बदलतात. मी वेडा नाही. मत स्वयंपाकघराला."

सोळा विरुद्ध पंधरा.

सिक्स्टेन उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. प्रेक्षकांना ती परवानगी नसते. होकाननं हातोडा आपटला, पण जोरात नाही. सादिया मागच्या रांगेतून ओरडली, "उद्या खिम्याचे गोळे! आत्ताच सांगून ठेवते!" आणि गुनवॉर खुर्चीत तशीच बसून रुमालानं नाक पुसत होती.

रोलांड सुधारला म्हणून लिहिलं तर अंक छान दिसेल, पण तसं झालं नाही. चार वर्षांनी त्याच्या पक्षानं रीतसर छापील यादी आणली, आणि पत्रकावर आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघराचं चित्र टाकलं. खाली लिहिलं होतं, 'हे आम्ही वाचवलं.' सात जागा मिळाल्या त्यांना. गुनवॉर ते पत्रक घेऊन त्याच्या टायरांच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण रे? बटाटे तू किती सोललेस?" "एक गोणी," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सिक्स्टेननं त्या वेळी कोणाला मत दिलं ते तो सांगत नाही. मी विचारायला गेले होते. या वेळी दीड तास मी फक्त ऐकलं.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, गुनवॉर, कारण पुढचं आपल्या दोघींतलं आहे.

त्या सोमवारी सभागृहाच्या पायऱ्यांवर तू माझा दंड धरलास. "झालं ना नोव्हेंबर? आता मला यातून सोडव. शुक्रवारी दहाच्या बसनं कचेरीत जाऊ आणि राजीनामा देऊन येऊ. तू लिही, मी सही करते. एकटी नाही जाणार मी, ते लोक कारणं विचारतात." मी त्याच रात्री दोन ओळी टंकून ठेवल्या.

पहिल्या शुक्रवारी बर्फ पडला. दुसऱ्या शुक्रवारी नाताळाचे केशराचे पाव करायचे होते, दोनशे. जानेवारीत होकान म्हणाला की स्वयंपाकघराचा विषय पुढच्या अर्थसंकल्पात पुन्हा घेऊ. तू मला फोन केलास: "मी उठले तर किती होतात?" "पंधरा-पंधरा." "मग पुढचा शुक्रवार बघू." पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा सोळा. त्याच्या पुढच्याही. मधल्या काळात शाळेच्या वळणावर दिवा आणलास, रोलांडच्या ठरावांना एकतीस वेळा विरोध केलास, आणि जिल्हा शाखेनं एकदा चुकून तुला बैठकीला बोलावलं तेव्हा त्यांची कॉफी पातळ आहे म्हणून स्वतः नवी करून दिलीस. दर काही आठवड्यांनी म्हणायचीस, "अगं मॅर्टा, आपलं ते शुक्रवारचं राहिलंय." मी म्हणायचे, "बसची वेळ बघून ठेवते."

चार वर्षांत दोनशे आठ शुक्रवार येतात. कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, सही व्हायची आहे. दहाची बस मागच्या उन्हाळ्यात बंद केली.